बाइकला बाहेरून क्रूझ कंट्रोल बसवणं: इंटरसेप्टर ६५०, कोणी केलंय का?

वऱ्हाडी_रायडर

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, आईबाबा अमरावतीला. महिन्यातनं एकदा तरी घरी जाणं होतंच आणि ते मी बाइकनेच करतो, रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० आहे. नगर, संभाजीनगर, जालना, चिखली, खामगाव आणि मग अकोल्यावरनं अमरावती, जवळपास ६०० किलोमीटर. समृद्धीवर दुचाकी सोडत नाहीत त्यामुळे हाच रस्ता.

अडचण अशी की गेल्या वर्षभरापासून जालना सोडलं की उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागतात, चिखलीला चहाला थांबलो की कप डाव्या हातात धरावा लागतो. डॉक्टर म्हणाले मनगटातली नस दाबली जातेय, तासन् तास मूठ एकाच कोनात पिळून धरणं बंद करा नाहीतर पुढे त्रास वाढेल. बाइक सोडा असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

आतापर्यंत हँडलला राइजर लावले, जाड ग्रिप घातल्या, तळहाताखाली येतं ते प्लॅस्टिकचं पॅडल पण लावलं. पॅडलने हायवेवर आराम मिळाला पण पार्किंगमध्ये गाडी वळवताना हात चुकून त्यावर पडला आणि गाडीने पुढे उडी घेतली, समोर सोसायटीतला लहान मुलगा उभा होता, तीन फुटांवर. त्याच दिवशी काढून टाकलं.

आता खरं क्रूझ कंट्रोल हवंय, म्हणजे वेग धरून ठेवणारं आणि ब्रेक दाबला की सुटणारं. आपल्या गाडीला मुठीपासून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) केबल आहे, राइड बाय वायर नाही, म्हणजे केबलऐवजी विजेच्या संदेशाने थ्रॉटल उघडणारी नाही. कोणी बसवलंय का? कुठला किट, सेटिंग कसं केलं, सगळं सांगा.

गोदाकाठची

दादा, मी नाशिकची, हिमालयन ४११ आहे. मी थ्रॉटल लॉक लावलंय, तीन वर्षं झाली. ग्रिप आणि स्विचच्या डब्याच्या मधे एक चकतीसारखी पट्टी बसते, अंगठ्याने बटण दाबलं की ती घासून मूठ आहे तिथे धरते, परत दाबलं की सुटते. आणि धरलेली असताना सुद्धा जोर लावून मूठ मागे फिरवता येते, हे सगळ्यात महत्त्वाचं, घ्यायच्या आधी हेच बघा. बसवायला अर्धा तास. फक्त स्क्रू आवळताना पट्टी एका बाजूला कलली तर मूठ बंद होताना अडकते, मला तीनदा काढून घालावी लागली. मी धुळे रोडला दोन दोन मिनिटं लावते, हात झटकते, बोटं उघडझाप करते, परत धरते. मला तेवढं पुरतं.

पण हे क्रूझ कंट्रोल नाही हं. चढ आला की वेग पडतो, उतारावर वाढत जातो, आणि ब्रेक दाबला तरी लॉक आपोआप सुटत नाही, ते हाताने सोडायची सवय अंगात भिनावी लागते.

करवीर_गॅरेज

भावा, कोल्हापूरला माझं गॅरेज हाय, बावीस वर्षं झाली. काय बी बसव पण आधी तुझी केबल बघ. मूठ फिरवताना सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटर मोकळी फिरली पायजे, आणि पूर्ण उघडून सोडली की फटकन बंद व्हायला पायजे, सावकाश नव्हे, फटकन. ती आवाज करून बंद होत नसंल तर केबल बदल, तेल घाल, ग्रिप टोकाला घासतीय का बघ. पोरं पंधरा हजाराचा किट आणतात आणि आत केबल गंजल्याली असती. हँडल डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण वळव, इंजिन चालू ठेवून. आवाज जरा जरी चढला तर केबल ताणली जातीय. असल्या गाडीला मी लॉक बी लावून देत नाही, कितीबी पैसं दे म्हटलं तरी.

यारा_काठी

मेलबर्नहून लिहितोय, मूळ सांगलीचा. इकडे माझ्याकडे जुनी व्ही-स्ट्रॉम ६५० आहे, तिलाही केबलच. एमसीक्रूझ म्हणून इथलीच कंपनी आहे, ते फक्त मोटरसायकलचेच किट करतात, मी तो घातलाय. त्यात छोटी विजेची मोटर असते, ती केबल ओढते, आणि मधे एक डबी असते जिच्यात हाताची केबल आणि मोटरची केबल एकत्र येतात, पुढे थ्रॉटलला एकच जाते. म्हणजे तुमचा हात आणि मशीन एकमेकांच्या आड येत नाहीत. मूठ उलटी दाबली तरी सुटतं, ब्रेक, क्लच, सगळ्याने सुटतं. इथे ह्यूम हायवेवर सिडनीपर्यंत ८८० किलोमीटरच्या आसपास, बहुतेक सगळीकडे ११० ची मर्यादा, आणि कॅमेरे इतके कडक की क्रूझशिवाय सतत काट्याकडेच बघत बसावं लागतं. मला मनगटापेक्षा त्यासाठी हवं होतं.

महाग आहे ते मात्र खरं, आणि किट गाडीच्या मॉडेलप्रमाणे येतो, तेव्हा आधी त्यांना विचारून घ्या.

जर्सीकर

अमेरिकेत पूर्वी बरेच लोक ऑडिओव्हॉक्सचा सीसीएस-१०० घालायचे. तो खरंतर कारसाठीचा किट, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, पण टूरिंग बाइकवाल्यांनी तो इतका वापरला की मोटरसायकलवर कसा घालायचा याचे नकाशेच्या नकाशे तयार झाले. आता त्याचं उत्पादन बंद आहे. माझ्याकडे एक कोरा खोक्यात पडून आहे, मी गोल्डविंगला घालणार होतो, ती विकली. पुढच्या महिन्यात पुण्यात येतोय, हवा असेल तर निरोप टाका. पण आधीच सांगतो, कारच्या किटला बाइकवर बसवणं म्हणजे घरी बसून करायचं काम आहे, एका दिवसात होत नाही.

रात्रपाळी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आपल्या रस्त्यांवर हे नकोच असं माझं मत आहे. पुणे-बेंगलोर हायवेला गळिताच्या दिवसांत रात्री निघून बघा, उसाच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर, दुभाजकातनं उडी मारणारी कुत्री. माझा धाकटा भाऊ अशाच ट्रॉलीला धडकला होता, वाचला, पण पाय आजही नीट टेकत नाही. मूठ हातात असली की माणूस आपोआप सोडतो, विचार करावा लागत नाही. यंत्राने धरली असेल तर ते अर्धं सेकंद जातं. ८० ला अर्धं सेकंद म्हणजे अकरा मीटर.

वऱ्हाडी_रायडर

रात्रपाळी दादा, राग कसला, भावाला लवकर बरं वाटो. तुमचा मुद्दा मी लिहून घेतला, खरंच. जर्सीकर काका, निरोप टाकलाय. ताई, लॉकचा विचार केला होता पण ब्रेकने सुटत नाही म्हटल्यावर माझं मन होत नाही.

वऱ्हाडी_रायडर (साधारण दोन महिन्यांनी)

मंडळी, झालं. काकांकडून किट घेतला, चार रविवार गेले, पाइप, रिले, चुंबकं, वायरी, क्लॅम्प असं किरकोळ सामान धरून अडीच हजार वरती गेले. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सगळं लिहितो, लांबेल.

आधी तो चालतो कसा ते. इंजिन हवा ओढतं तेव्हा इनटेकमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, एक नळी तो व्हॅक्यूम किटच्या डब्यात नेते, डब्यात रबराचा पडदा असतो, तो ओढला गेला की त्याला जोडलेली केबल थ्रॉटल उघडते. किती ओढायचं ते डब्यातलं सर्किट ठरवतं, त्यासाठी त्याला चाकाचा वेग, इंजिनचे आरपीएम आणि ब्रेक दाबलाय की नाही एवढं कळावं लागतं. राइड बाय वायर गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच थ्रॉटल उघडतो, म्हणून टीव्हीएसने २०२३ मध्ये आरटीआर ३१० ला दिलं आणि हिरोने २०२५ मध्ये १२५ सीसीच्या ग्लॅमर एक्सला सुद्धा दिलं, तिथे काम मुख्यतः बटणाचं आणि प्रोग्रॅमचं. आपल्या केबलवाल्या गाडीला मूठ ओढायला तिसरा हात लागतो, तो हात म्हणजे हा डबा.

करवीर दादांनी सांगितलं तसं पहिला रविवार फक्त केबलवर घालवला. माझी मूठ फटकन बंद होत नव्हती, ग्रिपचं रबर बार एंडला घासत होतं. दीड मिलिमीटर कापलं, झालं. हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

व्हॅक्यूमसाठी दोन्ही सिलिंडरच्या इनटेकवरनं नळी घेतली, प्रत्येक नळीत एकेक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घालून मग टी जोडला. व्हॉल्व्ह घातले नाहीत तर दोन्ही सिलिंडर एकमेकांची हवा ओढतात आणि आयडलिंग बिघडतं. पुढे साठवणीची टाकी लागते, कारण चढावर थ्रॉटल जास्त उघडलं की व्हॅक्यूम कमी होतो, नेमका जेव्हा जोर हवा तेव्हाच. टाकी म्हणजे प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप, दोन इंची, वीतभर लांब, दोन्ही टोकांना टोपी आणि सोल्व्हंट सिमेंट. रात्रभर बादलीत बुडवून सायकलच्या पंपाने हवा भरून ठेवला, एक बुडबुडा येत होता, परत चिकटवला. डबा डाव्या बाजूला सॅडलबॅगच्या फ्रेमच्या आतून क्लॅम्पने, सायलेन्सरपासून लांब, आणि केबलला कुठेही टोकदार वळण नाही.

चाकाचा वेग. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला म्हणून सविस्तर सांगतो. चाकावरचं चुंबक सेन्सरसमोरून गेलं की एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका जातो. किटला मैलाला असे किती पल्स येणार हे डिप स्विचने सांगावं लागतं, डब्याच्या बाजूला रबराचं बूच काढलं की ते छोटे स्विच दिसतात. माझ्या मागच्या टायरचा घेर खडूने खूण करून मोजला, दोन मीटरला अगदी थोडा जास्त. म्हणजे किलोमीटरला पाचशेच्या जवळ फेरे, मैलाला आठशे. पाच चुंबकं लावली की चार हजार पल्स, आणि ४००० चं सेटिंग त्यात आहेच. कागदाची गोल चकती कापून तिच्यावर ७२ अंशाच्या खुणा केल्या, ती हबवर धरून खुणा उतरवल्या आणि चुंबकं एपॉक्सीने चिकटवली. सेन्सर सायकलच्या मीटरचा, रीड स्विचवाला (चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच), स्विंगआर्मला पट्टी लावून.

पहिली ट्रायल सोलापूर रोडला, यवतच्या पुढे, रविवारी पहाटे, रस्ता मोकळा. ७० ला सेट दाबलं. काहीच नाही. परत दाबलं, काहीच नाही. घरी येऊन दोन दिवस वायरिंग तपासत बसलो. कारण असं निघालं की ब्रेकच्या तारेला, ब्रेक दाबलेला नसताना, मागच्या दिव्याच्या बल्बमधून अर्थिंग मिळावं लागतं, ते मिळालं तरच किट चालू होतो. माझा मागचा दिवा मी एलईडी करून घेतलेला, त्यातनं अर्थिंग मिळतच नाही. उपाय सोपा, पाच पिनांचा रिले, म्हणजे करंट आला की जोडणी बदलणारा स्विच. ब्रेकच्या करंटवर रिलेची कॉइल, ३० नंबरला किटची तार, ८७ए ला अर्थ, ८७ ला बारा व्होल्ट. ब्रेक नाही तेव्हा तार अर्थला, ब्रेक दाबला की बारा व्होल्टला. शंभर रुपयांचा रिले. ज्यांच्या गाडीला एलईडी आहे त्यांनी हे आधीच करा, माझ्यासारखे दोन दिवस घालवू नका.

त्याच तारेत क्लच लिव्हरला छोटा स्विच लावून तो पण घातला, क्लच दाबला की अर्थिंग तुटतं आणि क्रूझ सुटतं. नुसतं आरपीएम चढल्यावरही किट सुटतो, पण तोपर्यंत इंजिन एकदा भणाणतं, ते नको वाटलं.

दुसरी ट्रायल. लागलं! पण गाडी हेलकावे खायला लागली, ७० वरनं ६५, मग ७६, परत ६६, पाळण्यात बसल्यासारखं. गेनचा स्विच, म्हणजे किट किती जोरात ओढणार ते ठरवणारा, सगळ्यात खालच्यावर आणला, कारच्या मानाने आपली गाडी खूप हलकी, थोडं ओढलं तरी जास्त पळते. हेलकावे बरेच कमी झाले, पण मधेच एक झटका यायचा, खड्ड्यावरनं गेलं की हमखास, गाडी एकदम पुढे ओढायची. हा झटका मला फार घाबरवून गेला. सेंटर स्टँडवर लावून मल्टीमीटर बझरवर ठेवला, चाक हाताने सावकाश फिरवलं. एका फेऱ्यात पाच वेळा टिक व्हायला हवं. टिक, टिक, टिक, टिक, आणि मग शांत. पाचवं चुंबक एपॉक्सी वाळताना दोन मिलिमीटर आत सरकलेलं, कधी सेन्सरला दिसायचं कधी नाही. एक पल्स गेला की किटला वाटायचं वेग कमी झाला, मग तो थ्रॉटल ओढणार. ते चुंबक काढून परत लावलं, पाचही टिक एकसारखे येईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढली नाही.

शेवटचं म्हणजे साखळी. केबलच्या टोकाला मण्यांची साखळी असते, बेसिनच्या बुचाला असते ना तशीच, ती थ्रॉटलच्या चाकाला अडकवायची. यात ढील किती ठेवायची यावर सगळं अवलंबून आहे. मी आधी चार मणी ढील ठेवली तर सेट दाबल्यावर वेग पाचने पडायचा आणि मग ओढायचा. एकदा अगदी ताठ केली तर हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की आयडलिंग चढलं, म्हणजे मूठ बंद असताना थ्रॉटल किंचित उघडं. तीच करवीर दादांची टेस्ट, ती नसती केली तर मला कळलंच नसतं. आता दोन मणी ढील आहे. सेट दाबल्यावर वेग एखाददोन किलोमीटर पडतो आणि तिथेच थांबतो.

करवीर_गॅरेज

शाब्बास भावा. चाक हातानं फिरवून टिक मोजलंस, हे बेस झालं. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, दोन्हीनं वेगवेगळं सुटतंय का बघितलंस काय? लई गाड्यांना पुढच्या लिव्हरचा स्विच बिघडल्याला असतो आणि मालकाला पत्ता नसतो.

वऱ्हाडी_रायडर

हो दादा, आता दरवेळी निघताना करतो. आधी उभ्या गाडीवर दोन्ही ब्रेकने मागचा दिवा लागतो का ते, मग ५० च्या वर गेलो की (त्याखाली हा किट लागतच नाही) एकदा सेट करून पुढच्या ब्रेकने, मग मागच्या, मग क्लचने. तीनही वेळा सुटलं तरच पुढे वापरतो.

एक गोष्ट राहिली. ब्रेकच्या तारेचा जोड मी एका गॅरेजमध्ये करून घेतला होता, त्यांनी नुसती तार पिळून टेप गुंडाळली, पहिल्याच पावसात जोड सुटला. नशीब अर्थिंग तुटलं की क्रूझ लागतच नाही, त्यामुळे धोका झाला नाही. पण मागचा दिवाच बंद होता आणि मी तसाच घरापर्यंत आलो. आता सगळे जोड सोल्डर करून वरनं हीट श्रिंक, स्वतः.

रात्रपाळी

सगळं वाचलं. मेहनत घेतली आहे तुम्ही. पण मला एवढंच सांगा, वापरता कुठे?

वऱ्हाडी_रायडर

दादा, तुमच्यामुळेच नियम ठरवले. अंधारात नाही, पावसात नाही, गाव लागलं की नाही, घाटात नाही, पुढे अर्ध्या किलोमीटरात ट्रक असेल तर नाही. मग उरतं ते जालन्याच्या पुढचे काही पट्टे आणि अकोला-अमरावती. तोच रस्ता, २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटरचा पट्टा टाकून गिनीज विक्रम केला होता तो. तिथे पहाटे मोकळा असतो, ७५ ला लावतो, दुचाकीला ८० ची मर्यादा आहेच. चार बोटं ब्रेकच्या लिव्हरवर सैल ठेवतो, मूठ तळव्यात असते पण पिळलेली नसते. तेवढ्याने नस मोकळी राहते. मागच्या खेपेला चिखलीला कप उजव्या हाताने उचलला.

गोदाकाठची

दादा हे वाचून फार बरं वाटलं. उड्डाणपुलाच्या चढावर कसं काय? माझं लॉक तिथे मार खातं.

वऱ्हाडी_रायडर

ताई, टाकीमुळे छोट्या चढाला दोन किलोमीटर पडतो आणि परत येतो. लांब चढ असेल तर साठवलेला व्हॅक्यूम संपतो, मग हळूहळू पडत जातो, तेव्हा मी मुठीने जरा मदत करतो. उतारावर मात्र किट फक्त थ्रॉटल बंद करू शकतो, ब्रेक लावू शकत नाही, त्यामुळे मोठ्या उतारावर वेग वाढतोच, तिथे हाताने सोडवून घ्यायचं.

यारा_काठी

माझ्या मोटरवाल्या किटला चढाचा प्रश्न येत नाही, पण उताराचं अगदी तसंच आहे. तुमच्या साखळीबद्दल विचारायचं होतं, ती पितळी आहे का स्टीलची? इथे एकाची गंजून तुटली होती. तुटली तर थ्रॉटल बंदच होतं, पण तुकडा आत अडकू शकतो.

वऱ्हाडी_रायडर

स्टीलची होती, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता खाली जाऊन बघितली. शेवटच्या तीन मण्यांवर तांबूस डाग आहेत. उद्या रविवार पेठेत पितळी मिळते का बघतो, मिळाली की आधी मणी मोजून घेईन, जुनीत अकरा आहेत.